रात्रीचे बारा: ‘ए.एम.’ की ‘पी.एम.’?

शनिवारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीचे तिकीट कोणत्या तारखेचे काढावे, असा प्रश्न विचारला तर बरेच जण निःशंकपणे ‘शनिवारचे’ असे उत्तर देतील. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची सुटण्याची वेळ अनेक वर्षे वेळापत्रकात ००.०५ अशी छापली गेली आहे. शनिवारी जेवणे आटोपून, सामान बांधून घराबाहेर पडणाऱ्या कोकणी कुटुंबाच्या दृष्टीने ती शनिवार रात्रीचीच गाडी असते. रेल्वेच्या दृष्टीने मात्र ती रविवारची गाडी आहे. शनिवारच्या तारखेचे तिकीट काढले असेल तर ती गाडी शुक्रवारची रात्र संपताच, म्हणजे जवळजवळ चोवीस तासांपूर्वीच निघून गेलेली असते. गाडी सुटून गेल्यावर निश्चित आरक्षणाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. गणपतीच्या दिवसांत दुसरे आरक्षण मिळण्याची आशा नसते ती वेगळीच. प्रवासाचे ‘बारा वाजतात’ ते अक्षरशः.

या घोटाळ्याच्या मुळाशी प्रवाशांचा निष्काळजीपणा क्वचितच असतो. ‘ए.एम.’ आणि ‘पी.एम.’ ही दोन इंग्रजी संक्षिप्त रूपे घड्याळावर, भ्रमणध्वनीवर, लग्नपत्रिकेवर आणि सरकारी अर्जावर रोज दिसतात. परंतु बारा या अंकाजवळ आली की ती अर्थ सांगण्याऐवजी बुचकळ्यात पाडतात. शिवाय दिवस नेमका कधी बदलतो याविषयीची मराठी माणसाची परंपरागत कल्पना आणि दिनदर्शिकेचा हिशेब यांचा मेळ बसत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की गाडी चुकते, अर्जाची मुदत टळते, प्रसंगी विम्याची भरपाईही वादात सापडते.

सूर्य माथ्यावर येण्याची वेळ

‘ए.एम.’ म्हणजे ‘अँटी मेरिडियम’ आणि ‘पी.एम.’ म्हणजे ‘पोस्ट मेरिडियम’. दोन्ही शब्दप्रयोग मूळचे लॅटिन. ‘मेरिडिएस’ म्हणजे दिवसाचा मध्य, अर्थात मध्यान्ह. ‘अँटी’ म्हणजे पूर्वी आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. सूर्य माथ्यावर येण्याच्या क्षणापूर्वीचे बारा तास ते ए.एम. आणि त्यानंतरचे बारा तास ते पी.एम., इतका तो साधा हिशेब आहे. संस्कृतातील ‘पूर्वाह्न’ आणि ‘अपराह्न’ हे शब्द नेमकी हीच विभागणी सांगतात. हिंदी सरकारी कागदपत्रांत ते आजही वापरले जातात. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ‘म.पू.’ आणि ‘म.नं.’, म्हणजे मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर, अशी नोंद असते. कर्मचारी कार्यमुक्त झाला किंवा रुजू झाला तो मध्यान्हापूर्वी की नंतर, यावर त्या दिवसाचे वेतन कोणाला मिळणार हे ठरते. त्यामुळे कार्यालयीन आदेशात ही दोन अक्षरे विसरून चालत नाहीत. वयोमानानुसार सेवानिवृत्त होणारा कर्मचारीही महिन्याच्या अखेरच्या दिवशी ‘म.नं.’ निवृत्त होतो.

या व्याख्येतील अडचण तिच्या शब्दांतच दडलेली आहे. मध्यान्हाचा क्षण स्वतः मध्यान्हापूर्वीचाही नसतो आणि मध्यान्हानंतरचाही नसतो. त्यामुळे दुपारच्या ठीक बाराला काटेकोर अर्थाने ए.एम. म्हणता येत नाही आणि पी.एम.ही म्हणता येत नाही. मध्यरात्रीची गोष्ट याच्या उलट. ती सरलेल्या मध्यान्हानंतर बारा तासांनी येते, म्हणून ती पी.एम. ठरते, आणि येणाऱ्या मध्यान्हापूर्वी बारा तास असते, म्हणून ती ए.एम.ही ठरते. दुपारच्या बाराला दोन्हींपैकी एकही अक्षरजोडी लागू होत नाही आणि रात्रीच्या बाराला दोन्ही लागू होतात, असा हा पेच आहे.

मग घड्याळ दुपारी बाराला ‘पी.एम.’ का दाखवते? त्यामागे व्यवहाराची सोय आहे. बारा वाजून एक सेकंद झाला की मध्यान्ह उलटलेला असतो. त्या सेकंदापासून पुढचा सारा तास निर्विवादपणे पी.एम.चा आहे. केवळ एका क्षणासाठी वेगळे चिन्ह ठेवण्यापेक्षा तो क्षण पुढच्या तासाला जोडून टाकणे सोपे. याच न्यायाने रात्रीचे बारा ‘ए.एम.’ झाले. अंकीय घड्याळे आणि संगणक घरोघरी पोहोचल्यावर हाच संकेत रूढ झाला. घड्याळाच्या तबकडीवर बारा हा अंक शेवटचा वाटत असला, तरी या पद्धतीत तो प्रत्यक्षात शून्याचे काम करतो. बारानंतर एक येतो, पण बारा स्वतः अकराच्या गटात नसून एकच्या गटात असतो. अकरा ए.एम.नंतर तासाभराने बारा पी.एम. येतात आणि त्यानंतर तासाभराने एक पी.एम., हा क्रम सामान्य माणसाला विचित्र वाटतो तो यामुळेच.

तज्ज्ञांचा सल्ला: वापरूच नका

हा संकेत सर्वत्र आणि सदैव पाळला गेला असेही नाही. अमेरिकेच्या सरकारी मुद्रण कार्यालयाच्या शैलीपुस्तिकेत २००८ पूर्वी नेमका उलटा नियम होता. दुपारचे बारा ते ए.एम. आणि रात्रीचे बारा ते पी.एम., असे ती पुस्तिका सांगत असे. २००८ च्या आवृत्तीत हा नियम फिरवण्यात आला. काही जुन्या इंग्रजी छापील मजकुरात दुपारच्या बारासाठी ‘१२ एम.’ असेही लिहिलेले आढळते. त्यातील ‘एम.’ हे मेरिडिएसचे आद्याक्षर. परंतु ‘मिडनाइट’ या शब्दाचे आद्याक्षरही तेच असल्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

अमेरिकेत प्रमाण वेळ राखण्याची जबाबदारी असलेल्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. ‘१२ ए.एम.’ आणि ‘१२ पी.एम.’ ही दोन्ही रूपे संदिग्ध असल्याने ती टाळावीत. दुपारसाठी ‘नून’ आणि रात्रीसाठी ‘मिडनाइट’ असे शब्द लिहावेत, असा तिचा सल्ला आहे. मात्र नुसते ‘मिडनाइट’ लिहूनही काम भागत नाही. ‘१० तारखेची मध्यरात्र’ म्हटले तर ती १० तारीख सुरू होतानाची की संपतानाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणूनच करारपत्रे आणि वेळापत्रके यांत रात्री ११.५९ किंवा १२.०१ अशी वेळ देण्याची पद्धत पडली. प्रवेश परीक्षांचे आणि नोकरभरतीचे ऑनलाइन अर्ज भरण्याची मुदत बहुधा ‘११.५९ पी.एम.’ला संपते त्याचे कारण हेच. तो एक मिनिट मागे घेतल्याने तारखेविषयी शंकेला जागा उरत नाही.

दुसरा मार्ग चोवीस तासांच्या घड्याळाचा. भारतीय रेल्वे, विमान कंपन्या आणि लष्कर त्याच मार्गाने जातात. या पद्धतीत दुपार म्हणजे १२.०० आणि मध्यरात्र म्हणजे ००.००. वेळ आणि तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे ‘आयएसओ ८६०१’ मध्ये, सरत्या दिवसाचा शेवट दाखवण्यासाठी २४.०० असे लिहिण्याचीही मुभा होती. २०१९ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने पुन्हा देण्यात आली. दिवसाचा शेवट आणि पुढच्या दिवसाचा आरंभ एकाच क्षणी होत असला, तरी त्या क्षणाला दोन नावांची गरज भासते, हेच या फेरबदलातून दिसते. जपानमध्ये तर रात्री उशिराच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी ‘२५ वाजता’ असे लिहिण्याची पद्धत आहे. शनिवारचे २५ वाजले म्हणजे दिनदर्शिकेप्रमाणे रविवारचा रात्रीचा एक. झोपण्यापूर्वीचा काळ तो आजचाच दिवस, ही सर्वसामान्य माणसाची समजूत तिथे आकड्यांतच सामावून घेतली आहे.

दिवस उजाडल्यावरच दुसरा दिवस

ही समजूत मराठी माणसाला मुळीच परकी नाही. पंचांगात वार बदलतो तो मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाला. रात्री साडेबाराला जन्मलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर मंगळवारची तारीख असते, तर पंचांगाच्या हिशेबाने तो सोमवारच असतो. पत्रिका करणारे ज्योतिषी म्हणूनच ‘उत्तररात्री’ हा शब्द वापरून खुलासा करून घेतात. ज्यू आणि इस्लामी परंपरांत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस तर १९२४ च्या अखेरपर्यंत दुपारी बाराला सुरू होत असे. रात्रभराच्या निरीक्षणांच्या मध्येच तारीख बदलू नये, एवढाच त्यामागचा हेतू. १ जानेवारी १९२५ पासून त्यांनीही मध्यरात्र स्वीकारली. मध्यरात्री तारीख बदलणे हा निसर्गाचा नियम नसून माणसाने ठरवलेला संकेत आहे. तो पाळताना परंपरेने मनात रुजलेला दुसरा संकेत आड येतो, इतकेच.

काळाचे तुकडे पाडण्याची मराठीची रीतही इंग्रजीहून निराळी आहे. रात्रीचा एक, पहाटेचे चार, सकाळचे नऊ, दुपारचे दोन, संध्याकाळचे सहा, रात्रीचे दहा असे आपण म्हणतो. इंग्रजीचा एक ‘ए.एम.’ रात्र, पहाट आणि सकाळ अशा तिन्ही काळांना कवेत घेतो, तर ‘पी.एम.’मध्ये दुपार, संध्याकाळ आणि रात्र सामावते. ‘सकाळी १० ए.एम. वाजता’ असे निमंत्रणपत्रिकेवर छापले जाते तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. आणि ‘१ ए.एम.’चे भाषांतर ‘सकाळी एक’ असे केले जाते तेव्हा अर्थाचा अनर्थ होतो. रात्री एक वाजता विमान पकडायचे असलेल्या प्रवाशाने ‘सकाळी एक’ असे वाचले, तर त्याने कोणत्या रात्री विमानतळ गाठावा? मुंबईहून आखाती देशांकडे आणि युरोपकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

‘मध्यान्ह’ या शब्दाचा घड्याळाशी असलेला संबंधही मुंबईकरांसाठी काहीसा ढिला आहे. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मुंबई त्या रेषेच्या सुमारे पावणेदहा अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईच्या आकाशात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांच्या सुमारास. मे महिन्याच्या मध्यावर येणाऱ्या शून्य सावलीच्या दिवशी मुंबईत सावली नाहीशी होते ती १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास, बाराच्या ठोक्याला नव्हे. शब्दशः अर्थ घेतला तर मुंबईत सव्वाबारा वाजता घड्याळ ‘मध्यान्हानंतर’ म्हणत असते आणि सूर्य अजून पूर्वेलाच असतो. १९०६ नंतरही मुंबईने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली होती; ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. खुद्द ‘नून’ हा इंग्रजी शब्दही असाच सरकत आला आहे. लॅटिन ‘नोना’, म्हणजे सूर्योदयापासूनचा नववा तास, हे त्याचे मूळ. तो तास आजच्या दुपारी तीनच्या सुमारास येत असे. मध्ययुगात त्या वेळची प्रार्थना हळूहळू अलीकडे येत गेली आणि तिच्याबरोबर शब्दही बारावर येऊन थांबला.

मध्यरात्रीचे मोल

मध्यरात्रीच्या या एका क्षणावर किती काही अवलंबून असते, हे कायदा आणि प्रशासन यांना चांगले ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९४७ ची तारीख सुरू होताच देश स्वतंत्र झाला. त्यासाठी संविधान सभेची बैठक १४ ऑगस्टच्या रात्री अकराला सुरू झाली होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटांविषयी घोषणा झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून त्या नोटांचे चलनमूल्य संपले. वस्तू व सेवा कराचा प्रारंभही ३० जून आणि १ जुलै २०१७ यांमधल्या मध्यरात्री झाला. या प्रत्येक वेळी नुसती ‘मध्यरात्र’ न म्हणता दोन्ही बाजूंच्या तारखा किंवा ‘आज’ हा शब्द सोबत दिला गेला, म्हणून गोंधळ झाला नाही. पेट्रोल आणि डिझेलच्या दरांचे उदाहरणही बोलके आहे. पूर्वी नवे दर मध्यरात्री लागू होत. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज ठरवण्याची पद्धत आली तेव्हा ही वेळ सकाळी सहा अशी ठेवण्यात आली. रोज मध्यरात्री दर बदलण्यासाठी माणसे जागी ठेवणे पंपचालकांना परवडणारे नव्हते.

विम्याच्या बाबतीत तर प्रश्न थेट अपघातग्रस्तांच्या भरपाईचा असतो. सकाळी अपघात झाला आणि त्याच दिवशी वाहनाचा विमा उतरवला, तर तो अपघात विम्याच्या कक्षेत येतो का? पॉलिसीवर केवळ तारीख असेल, तर तिचा अंमल त्या तारखेच्या आरंभापासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून सुरू होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. पुढे १९९७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की पॉलिसीत सुरुवातीची नेमकी वेळ नमूद केली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच मिळेल, आधीपासून नाही. एकाच तारखेच्या दोन पॉलिसींपैकी एकीवर वेळ छापलेली आहे आणि दुसरीवर नाही, एवढ्या फरकाने भरपाई विमा कंपनीने द्यायची की वाहनमालकाने स्वतःच्या खिशातून, हे ठरू शकते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातही मुदत मोजण्याचा नियम आहे. ‘अमुक दिनांकापासून’ असे म्हटले की तो पहिला दिवस वगळायचा आणि ‘अमुक दिनांकापर्यंत’ म्हटले की तो शेवटचा दिवस धरायचा, असा त्याचा आशय. दिवसाच्या सीमारेषा आखून दिल्याशिवाय व्यवहार चालत नाही, हे कायदे करणाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

काय करावे?

सामान्य नागरिकाला या साऱ्यातून वाट काढणे अवघड नाही. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचे किंवा विमानाचे तिकीट काढताना ‘आपण घरातून कधी निघणार’ हे न पाहता ‘गाडी सुटते तेव्हा दिनदर्शिकेवर कोणती तारीख असेल’ हे पाहावे. वेळेचा आकडा ०० ने सुरू होत असेल तर घरातून निघण्याची रात्र ही तिकिटावरील तारखेच्या आदल्या दिवसाची असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मधल्या स्थानकावरून गाडीत चढणाऱ्यांनी आपल्या स्थानकावर गाडी येण्याची तारीख पाहावी. गाडी मुंबईहून एका तारखेला निघून वाटेत दुसऱ्या तारखेत शिरलेली असू शकते. भ्रमणध्वनीवर रात्री साडेबाराचा गजर लावायचा असेल तर ‘१२.३० ए.एम.’ निवडावे. ही उलटापालट टाळायची असेल तर चोवीस तासांचे घड्याळ सुरू करणे उत्तम. विम्याची पॉलिसी हाती आल्यावर तिच्यावरील तारखेबरोबर वेळही वाचावी आणि जुनी पॉलिसी संपण्याआधीच नवी घ्यावी, म्हणजे मध्ये काही तासांचीही फट राहणार नाही.

दुसऱ्याला वेळ कळवताना तर मराठीची स्वतःची शब्दसंपत्ती पुरेशी आहे. ‘दुपारी १२’ आणि ‘रात्री १२’ असे लिहिले की ए.एम. आणि पी.एम.चा प्रश्नच उद्भवत नाही. मध्यरात्रीच्या बाबतीत मात्र त्याला तारखांची जोड हवी. ‘शनिवार, १४ तारखेची रात्र उलटून रविवार, १५ तारीख लागताच, रात्री १२.०५ वाजता’ ही रचना थोडी लांबलचक वाटेल. परंतु निमंत्रणात, सूचनाफलकावर किंवा पाहुण्यांना पाठवलेल्या निरोपात ती लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो. ती न लिहिल्याने रिकाम्या फलाटावर सामानासह उभे राहावे लागले, तर संपूर्ण रात्र खर्ची पडते.